भीमाशंकरचा ‘रेड पांडा’

गेल्या आठवड्यात घरच्यांना घेऊन भीमाशंकरला गेलो होतो. गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर माझा आठ वर्षांचा भाचा एकदम ओरडला, “मामा, रेड पांडा!”

वर बघितलं. तांबूस तपकिरी अंग, पिवळट पोट, हातभर झुपकेदार शेपूट. मागच्या पायांनी फांदीला उलटं लटकून, फळ दोन्ही हातांत धरून खाणं चाललेलं. भाऊजी म्हणाले माकड, आई म्हणाली मुंगूस. मुंगूस आणि झाडावर! शेवटी चहाच्या टपरीवरच्या मावशीच हसत म्हणाल्या, “आवं, शेकरू हाय ते!” शेकरू म्हणजे झाडावर राहणारी मोठी खार.

सगळे पोट धरून हसलो. पण पोराने नीट बघितलं होतं हो. लाल अंग, झुबकेदार शेपूट, मुक्काम झाडावर, सगळं जुळत होतं. फक्त रेड पांडाच्या शेपटीवर वलयं असतात आणि तो राहतो तिकडे सिक्कीम-दार्जिलिंगकडे. सिक्कीमचा राज्यप्राणी भाच्याला कार्टूनमुळे पाठ आणि आपला राज्यप्राणी डोक्यावर बसलेला असून नाव माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. ज्याच्यासाठी 1985 मध्ये इथे अभयारण्य झालं, तो शेकरू आपल्या मुलांना पुस्तकातल्या एका ओळीपुरताच भेटतो. पोरांना इथे आणा. देवदर्शन झालं की लगेच गाडीत बसू नका, तासभर झाडांखाली थांबा.

रात्रीची गोष्ट मात्र वेगळी. मुक्कामाच्या घराच्या पत्र्यावर काहीतरी चाललं. करडं अंग, ठिपके, लांब शेपूट. ताईने व्हिडिओ काढला आणि ‘बिबट्याचं पिल्लू!!’ लिहून ग्रुपवर टाकलासुद्धा. ते उदमांजर होतं. मी तिला तो लगेच डिलीट करायला लावला, ती थोडी रागावली. पण खाली जुन्नर-आंबेगावच्या उसात खरे बिबटे राहतात. तिथल्या माणसांनी शेळ्या गमावल्यात, लेकरं गमावलीत. तिथे असा व्हिडिओ पोचला तर रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याच्या जिवाचं काय होत असेल? ऊसतोडीत वाघाटीची पिल्लंही बिबट्याची समजून लोक उचलतात. वाघाटी म्हणजे घरातल्या मांजरापेक्षाही लहान रानमांजर. पिल्लू उचललं की आई-लेकराची ताटातूट झालीच. म्हणून हात लावू नका, 1926 वर वनखात्याला फोन करा.

सकाळी निघताना मावशींनी शेंड्याजवळचं काटक्या-पानांचं घरटं दाखवलं. मग दुसरं, मग तिसरं. “एकाच शेकरूची हायेत. आज ह्यात, उद्या त्यात.”

भाचा म्हणाला, “मग आज कुठल्यात आहे?”

आम्ही थांबलो. एसटी गेली. पाऊण तासाने मधल्या घरट्यातून आधी शेपूट बाहेर आलं.