जवळच तर हाय

आमच्या सेलू तालुक्यातून कुणी पुण्याला कामाला गेलं की गाव म्हणतं, लेकरू बाहेर गेलं. संभाजीनगरला गेलं तर म्हणतात, 'जवळच तर हाय.' मराठवाडा एक्स्प्रेसमध्ये बसलं की परतूर, जालना करत अडीच-तीन तासांत पोचतो माणूस. त्यामुळं तो तिथं एकटा पडला असेल, असं कुणाच्या मनातच येत नाही.

मी सोळा महिने संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत, म्हणजे मोठ्या कंपनीला माल पुरवणाऱ्या छोट्या कंपनीत, कंत्राटी होतो. रांजणगाव शेणपुंजीत एका खोलीत चौघं. शिफ्टा वेगवेगळ्या, म्हणून एक उठला की दुसरा झोपायला. मेसच्या ताटावरसुद्धा चौघं कधी एकत्र बसलो नाहीत. काम होतं तोवर हे जाणवलं नाही. ओव्हरटाइम करायचा, येऊन आडवं व्हायचं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेकेदाराच्या माणसानं गेटवर सांगितलं, 'ऑर्डर कमी झाली, तुला ब्रेक.' हातात कागद नाही की काही नाही. गेटपास तेवढा काढून घेतला.

त्याच रात्री आण्णांचा फोन आला. मृग लागला होता, सोयाबीनचं बी घ्यायचं होतं. 'दहा हजार जमतील का बाळा?' मी हो म्हणालो. खोलीतल्या एकाकडून उसने घेतले आणि पाठवले. तिथून खोटं सुरू झालं. रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडायचो. घरी फोन करायचा तो चहाच्या सुट्टीच्या वेळेलाच, आणि कंपन्यांच्या रस्त्यावर उभं राहून, म्हणजे ट्रकचा, भोंग्याचा आवाज माईला ऐकू जावा. बाकी दिवस स्टेशनवर. संध्याकाळी नांदेडकडं जाणारी गाडी समोर लागायची. बसावं असं रोज वाटायचं. पण पेरणीच्या दिवसांत रिकाम्या हातानं गावात उतरलो तर पारावरचा पहिला प्रश्न ठरलेला : 'कधी आलास? किती दिवस हायस?'

मी यावर पुष्कळ विचार केलाय. बीडकडची माणसं ऊसतोडीला जातात ती जोडीनं. कोयता म्हणजेच नवरा-बायको. फार हालाचं काम आहे ते, त्याचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. पण फडात रडायला आणि भांडायला आपलं माणूस तरी असतं. कंपनीत येणारा पोरगा एकटा येतो आणि काम सुटल्यावर तर पार एकटा होतो. त्याचं दुखणं कुणाला दिसत नाही. नोकरी गेली ही लाज त्याची नाहीच, ऑर्डर कमी झाली यात त्याचा काय दोष? तरी ती लाज तोच गिळत बसतो, कारण आपल्याकडं पोराची किंमत तो किती पाठवतो यावर ठरते. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. माझ्या आण्णांबद्दल मी हे बोलत नाही. बोलतोय ते गावाबद्दल, आपल्या सगळ्यांबद्दल.

महिनाभरानं आषाढी आली. वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरला त्या दिवशी ही गर्दी असते, शहरातून दिंड्या पायी येतात. मीही चालत गेलो. शेजारी मानवतकडची एक मावशी होती, डोक्यावर तुळस. बोली ऐकून तिनं ओळखलं. 'कुठलं रं तू? काय करायलास इकडं?' मला पुढं बोलताच येईना. रस्त्याच्या कडेला बसून तिला सगळं सांगितलं. तिनं उपदेश केला नाही. पिशवीतली साबुदाण्याची खिचडी पुढं केली आणि म्हणाली, 'आधी मायला फोन लाव.' तिथूनच लावला. माय एवढंच म्हणाली, 'जेवलास का?'

त्या मावशीचा मुलगाही कंपनीत. त्याच्याकडून कळलं की पगारातून ईएसआयसाठी, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यासाठी, दर महिन्याला पाऊण टक्का कापला जातो, त्यातून नुसता दवाखानाच मिळतो असं नाही. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, २०१८ पासून. काम सुटलं तर अटी बघून सरासरी रोजाच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. सोळा महिन्यांत हे मला ना ठेकेदारानं सांगितलं, ना कंपनीत कुणी. मी दावा भरला, खेटे घातले, पैसे आले. त्यात खोलीभाडं आणि मेस निघाली. उसने फेडायला मात्र दिवाळी उजाडली.

रात्री झोप लागत नव्हती, मन भलतीकडं जायचं, तेव्हा १४४१६ वर दोनदा बोललो. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. वेडाबिडाचा प्रश्न नाही, माणूस बोलतो तिकडून.

आता शेंद्र्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. पगार आधीपेक्षा दोन हजारांनी कमी. रांजणगावची खोली सुटली, पण बुधवारी सुट्टी असते, तेव्हा तिकडं चक्कर होते. कुणाला ब्रेक मिळाला असेल आणि दावा भरायचा असेल तर मेसेज करा. आधार, बँकेचं पासबुक आणि ईएसआयचा नंबर घेऊन मोहटादेवी चौकात या, मी सोबत बसून भरून देतो. घरी अजून सांगितलं नसेल तरी या. आधी चहा घेऊ.