पीएमडीडी: पाळीनंतरचा आठवडा काय सांगतो?

‘पाळीआधी फार चिडचिड होते’ एवढ्यावर पीएमडीडीचा, म्हणजे पाळीआधी मनःस्थिती तीव्रपणे बिघडण्याच्या विकाराचा, शिक्का मारू नये, आणि ‘सगळ्याच बायकांना होतं’ म्हणून उडवूनही लावू नये. दोन्हीकडे घोळ एकच, तारखा कुणी बघत नाही.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे दिवस पाळी संपल्यानंतरचे. चिडचिड, रडू, धास्ती, निराशा पाळीआधीच्या शेवटच्या आठवड्यात चढली, रक्तस्राव सुरू झाल्यावर काही दिवसांत उतरू लागली आणि पुढच्या आठवड्यात जवळपास गेलीच, तर पीएमडीडीचा संशय पक्का होत जातो. डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकी पुस्तक) नुसार किमान 5 लक्षणं हवीत, त्यातलं एक तरी मनःस्थितीचं. शिवाय काम किंवा नाती बिघडायला हवीत आणि किमान 2 चक्रांची रोजची नोंद हवी.

ही नोंद रोज रात्री करायची. चिडचिड, उदासी, धास्ती, झोप, भूक, थकवा, प्रत्येकाला 1 (त्रास नाही) ते 6 (टोकाचा त्रास) गुण. रविवारी बसून आठवडाभराचं आठवून भरलं तर उपयोग नाही. पाळी जवळ आलेली माहीत असली की मागचे दिवस आपोआप जास्त वाईट आठवतात.

रक्तस्रावाचा पहिला दिवस 1, आदला उणे 1, मध्ये शून्य नाही. आता उणे 7 ते उणे 1 हे दिवस 4 ते 10 या दिवसांशी ताडून बघा. चिडचिड आधी 5 आणि नंतर 1, हे पीएमडीडीसारखं. आधी 5 आणि नंतरही 4 असेल तर बहुधा मुळातच नैराश्य किंवा चिंताविकार आहे आणि पाळीआधी तो वाढतो. तिथे उपचार महिनाभराच्या त्रासाचा करावा लागतो. नुसत्या पाळीआधीच्या गोळ्यांनी भागत नाही.

पाळीआधीचा आठवडा चक्राच्या ठराविक दिवसावरून धरू नका, मोजायचं पाळीपासून मागे. 35 दिवसांच्या चक्रात 21वा दिवस साधारण बीज सुटण्याचा असतो, पाळीला दोन आठवडे बाकी असतात.

आणि हो, फक्त या निदानासाठी हार्मोन्सच्या तपासणीवर पैसे घालवू नका. पीएमडीडीत पातळी सहसा नॉर्मलच येते. हार्मोन्सच्या नेहमीच्या चढउताराला मेंदू वेगळा प्रतिसाद देतो, दुखणं तिथे आहे. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन मात्र बघून घ्यावं.

जीव द्यावासा वाटत असेल तर दोन महिने तक्ता भरत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही तक्त्यावर लिहा, त्यांनी हे चित्र बदलतं. गर्भाशय काढलंय पण अंडाशय आहेत, अशांना पाळी नसली तरी हा त्रास होऊ शकतो. त्यांनी तारीख घालून रोजचे गुण लिहीत राहावे आणि तक्ता डॉक्टरांना दाखवावा.