‘ळ’ नसलेली शाळा

इंदूरच्या मराठी माणसाला शाळेचं मूल्यांकन म्हटलं की पहिला ठसका नावालाच लागतो. शाळांनी स्वतःला तपासायच्या सरकारी कार्यक्रमाचं नाव ‘शाला सिद्धि’. रामबागेत, लोकमान्य नगरात आपण तोंड भरून ‘शाळा’ म्हणतो. पोर्टलवर ळ दाराबाहेर उभा. २०१५ साली सुरू झालेल्या या मूल्यांकनात क्षेत्रं ७, मानकं ४६, आणि प्रत्येक मानकावर शाळेनं स्वतःच स्वतःला स्तर १, २ किंवा ३ द्यायचा. म्हणजे पोहे आपणच करायचे, आपणच चाखायचे आणि मीठ कमी पडल्याचं आपणच लिहून द्यायचं.

ज्याला माउस धरता येतो त्याच्या गळ्यात हे काम पडतं. आमच्याकडे तो गळा माझा.

सगळीकडे ३ भरला तर खालचा सुधार आराखडा रिकामा राहतो. परिपूर्ण शाळेत सुधारणार काय? सगळीकडे १ भरला तर मोठ्या बाई चहा पाठवणं बंद करतात. म्हणून सरसकट २. ‘कसं काय?’ला मराठी माणूस ‘बरं चाललंय’ म्हणतो ना, तोच हा स्तर.

आराखड्यात ‘वाचन सुधारणे’ असं लिहून सुटका होत नाही. (तसं लिहिणारे दरवर्षी तेच लिहितात, फक्त साल बदलतात.) लिहायचं ते असं: तिसरीतल्या १४ मुलांना जोडाक्षरं वाचता येत नाहीत, रोज मधल्या सुट्टीआधी २० मिनिटं, कोणत्या बाई घेणार त्यांचं नाव, ६ आठवड्यांनी त्याच १४ जणांना तोच उतारा. असं लिहिलं की कुणाला काय विचारायचं ते कळतं, आणि म्हणूनच तसं कुणी लिहीत नाही.

खरा घात पुराव्यांत आहे. पूर्वी निरीक्षण उद्या असलं की आज रात्री वर्षभराच्या सभा व्हायच्या: एकाच बैठकीत जुलै ते फेब्रुवारी, पेन मात्र तीन रंगांची. रजिस्टर बिचारं काही बोलत नसे. सॉफ्टवेअर चुगलखोर. सभेची तारीख तुम्ही टाकता, पण नोंद कधी केली ते ते स्वतःच टिपून ठेवतं. मग आठही सभांपुढे एकच रात्र, अकरा-चाळीस ते बारा-दहा. यावर उपाय एकच, सभा संपल्या संपल्या, समोसे संपायच्या आत, सह्यांच्या कागदाचा फोटो चढवणे. फोटोलाही जिभा असतात. फोनमधलं लोकेशन बंद असेल तर जागा येत नाही, आणि उशिरा चालू केलं तर वृक्षारोपण सराफा बाजारात झालेलं दिसतं. अग्निशामकाचा फोटो लांबून काढू नये. काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही आणि चिठ्ठीवरची तो भरल्याची तारीख, दोन्ही वाचता यायला हवीत. फाइलला नाव देताना मानकाचा क्रमांक आणि तारीख द्यावी. ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘खरंच फायनल’ या तिघांतली खरी कोणती, हे देवालाही माहीत नसतं.

एक्सेलचा स्वभाव निराळाच. १२ आकडी आधार क्रमांक साध्या रकान्यात चिकटवला की त्याचं वैज्ञानिक रूपांतर होतं, आणि ००७ क्रमांकाच्या मुलाचे दोन्ही शून्य गिळले जातात. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करायचा, मग चिकटवायचं. नंतर केलात तर गिळलेले शून्य परत येत नाहीत.

आता नावं. यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवर, २०२२-२३ पासून एकेका मुलाची वेगळी नोंद होते, आणि आधारवरचं नाव जुळलं नाही की गाडी तिथेच अडते. देशपांड्यांच्या आधारवर शेवटी वाय, स्कॉलर रजिस्टरमध्ये (शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीत) नाही. एकाच्या वडिलांना ‘राव’ आहे, दुसरीकडे नाही. अशा वेळी पोर्टलला खूश करायला स्कॉलर रजिस्टरला हात लावू नये. दाखला त्यावरूनच निघतो. चूक ज्या कागदावर, दुरुस्ती त्याच कागदावर, आणि ती पालकांना एप्रिलमध्येच सांगावी. निरीक्षणाच्या आठवड्यात आधार केंद्रावर रांग लावायला कुणी येत नाही.

ळचं मात्र काही जमत नाही. काळे इंग्रजीत शिरतात आणि हिंदी यादीत ‘काले’ होऊन बाहेर पडतात, गोळे ‘गोले’. हे चुकीचं आहे असं इथे कुणाला वाटतच नाही. ‘भिया, क्या फर्क पड़ता है?’

फर्क पडतो. निरीक्षक साहेब वर्गात येतात, छापील यादी हातात घेतात आणि पुकारतात, ‘काले!’ पहिल्या बाकावरची काळ्यांची मुलगी इकडेतिकडे बघते, की हे कुणाला बोलावतायत? साहेब पुढच्या नावावर जातात. वर्गात मुलं ३८. कागदावर हजर ३७.