मुलीचं उत्तर 'अझुला' आलं, त्याबद्दल

नमस्कार ताई,

'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या कार्टून मालिकेतलं कोणतं पात्र तुमच्या स्वभावाशी जुळतं, या माझ्या प्रश्नमालेवर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमच्या तेरा वर्षांच्या मुलीने प्रश्न सोडवले, उत्तर 'अझुला', म्हणजे मालिकेतली खलनायिका राजकन्या, आलं, आणि "मी वाईट आहे का गं?" असं विचारत ती रडली. तुमच्या मते या चाचण्या म्हणजे राशिभविष्याचाच प्रकार, त्यातून मुलांवर शिक्के बसतात, आणि निदान खलनायकांना तरी निकालातून काढून टाकावं.

मुलगी रडली हे वाचून जीव कळवळला. तरीही अझुलाला मी काढणार नाही. का, ते नीट सांगते.

आधी राशिभविष्याचं. तुमची शंका बिनबुडाची नाही. १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हातात 'तुझं वर्णन' म्हणून एक कागद दिला. कागद सगळ्यांचा एकच होता, त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली. वर्णन किती जुळतं याला मुलांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. गुळगुळीत, कुणालाही लागू पडेल असं बोललं की ते आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटतं. इंटरनेटवरच्या बहुतेक 'तुम्ही कोणतं पात्र' चाचण्या याच जोरावर चालतात. सगळेच शूर, सगळेच प्रेमळ, सगळ्यांना अझुलाचे मायाळू आयरो काका मिळतात.

पण तुमच्या मुलीला तो निकाल झोंबला. तो गुळगुळीत नव्हता. आपलंच काहीतरी तिला त्यात दिसलं असावं, आणि ते नेमकं काय हे शोधायला मला अझुलाइतकं उपयोगी पात्र त्या मालिकेत दुसरं दिसत नाही.

ती दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागात ठळकपणे समोर येते तो प्रसंग बघा. जहाजाच्या डेकवर हातांतून वीज सोडण्याचा सराव चाललाय. जगात हे मोजक्यांना जमतं, हिला चौदाव्या वर्षी जमतं. समोर बसलेल्या दोघी म्हाताऱ्या सल्लागार म्हणतात, जवळजवळ निर्दोष, फक्त एक केस जागेवरून सुटलाय. अझुला ती बट मागे सारते, 'जवळजवळ'ने भागत नाही म्हणते आणि पुन्हा सुरुवात करते. ती वाईट आहे हे आपल्याला पुढे कळतं. इथे दिसते ती एकही केस इकडचा तिकडे चालत नाही अशी मुलगी. माझ्या प्रश्नमालेत 'काम झाल्यावर आधी काय दिसतं, जमलेलं की राहिलेलं?' असा प्रश्न आहे. बहुतेक त्याच्या उत्तराने तुमच्या मुलीला इथवर आणलं. सत्त्याण्णव मार्क पडल्यावर 'तीन कुठे गेले?' ऐकत वाढलेली मुलं आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि त्यांना अझुला लगेच ओळखू येते.

तिचं पुढे काय होतं, तेही मालिका लपवत नाही. शेवटाकडे, तिच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, तिला चेरी खाताना एक बी लागते. तेवढ्यासाठी ती दासीला हद्दपार करते, मग एकेक करून जवळच्या सगळ्यांना. स्वतःचे केस स्वतः वेडेवाकडे कापते. आरशात तिला आई दिसते, आई म्हणते माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि ती आरशावर ब्रश फेकून तो फोडते. हरल्यावर साखळदंडात जमिनीवर पडून ती रडते तेव्हा तिचा भाऊ झुको आणि नायक आंगची सोबतीण कटारा तिच्याकडे बघत उभे राहतात. विजयाचा आनंद त्या दोघांच्या चेहऱ्यावर नसतो. ही २००५ ते २००८ दरम्यान निकलोडियनवर आलेली मुलांची मालिका होती, आणि खलनायिकेच्या पराभवात आनंद मानायला ती मुलांना शिकवत नाही, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता शिक्क्यांचं. हा तुमचा सगळ्यात कळीचा मुद्दा आहे. माझी सगळी भिस्त इथे झुकोवर आहे.

दुसऱ्या पर्वाच्या शेवटी, बा सिंग से शहराच्या खाली, स्फटिकांच्या गुहेत झुको आणि कटारा अडकलेले आहेत. दोघांनाही आई नाही, त्यावर बोलणं होतं. कटाराकडे उत्तर ध्रुवावरचं, जखमा बऱ्या करणारं दिव्य पाणी आहे, एकदाच वापरता येईल इतकंच. ते त्याच्या डोळ्यावरच्या डागासाठी वापरायला ती तयार होते, तिचा हात त्याच्या गालावर असतो. आणि थोड्याच वेळात झुको बहिणीची बाजू घेऊन लढतो. आंगला वीज लागते, आयरो कैद होतो. त्या संध्याकाळी झुकोला माझी प्रश्नमाला सोडवायला दिली असती तर उत्तर अझुलाच आलं असतं, आणि ते बरोबरच असतं. तिसऱ्या पर्वात तोच मुलगा ग्रहणाच्या दिवशी बापाच्या तोंडावर सगळं बोलून बाहेर पडतो आणि आंगच्या गटाकडे जातो. तेव्हा उत्तर वेगळं आलं असतं. मुलगा तोच. उत्तर सांगतं की आज तुम्ही गोष्टीत कुठे उभे आहात. जन्मभराचा दाखला मी कुणाला देत नाही.

खरे शिक्के त्या गोष्टीत मोठी माणसंच मारतात. आंगच्या गटातली टॉफ आंधळी म्हणून आईवडील तिला नाजूक ठरवून घरात दडवतात, आणि ती रात्री चोरून आखाड्यात धिप्पाड पहिलवानांना लोळवते. झुकोचा बाप म्हणतो, अझुला नशीब घेऊन जन्मली, आणि झुको जन्मला हेच त्याचं नशीब.

ज्याला आपण सगळे देवमाणूस मानतो तो आयरोसुद्धा यातून सुटत नाही. 'झुको अलोन' या भागात जुन्या दिवसांची आठवण येते. आयरो तेव्हा बा सिंग सेला वेढा घालून बसलेला सेनापती आहे. घरी पत्र पाठवतो, शहर जाळून टाकण्याबद्दल थट्टा करतो, आणि भेटी पाठवतो: झुकोला शरण आलेल्या सेनापतीचा खंजीर, अझुलाला बाहुली. अझुला बाहुली जाळते. लहानपणी मला त्यात फक्त तिचा दुष्टपणा दिसायचा. आता वाटतं, त्या घरातली सगळ्यात हुशार पोर कोण आहे याकडे काकाने बघितलंच नव्हतं. पुढेही झुकोसाठी तो किती धीर धरतो! अझुलाचा विषय निघाला की तिला आवरायलाच हवं एवढंच त्याचं म्हणणं. मला आयरो अतिशय प्रिय आहे, पण हे त्याचं मला कधी पटलेलं नाही.

म्हणून, ताई, अझुलाला निकालातून काढलं तर तुमच्या मुलीसारख्या मुलींना 'तुझ्याबद्दल आम्ही बोलत नाही' असंच सांगितल्यासारखं होईल. ते मला करायचं नाही.

परदेशी कार्टूनचा मुद्दाही तुम्ही ओझरता काढलात. मला तो पटत नाही. आईची आठवण काढू पाहिलं की कटाराचाच चेहरा डोळ्यांसमोर येतो, असं तिचा भाऊ सोक्का टॉफला सांगतो. ते ऐकून घशात आवंढा यायला कुठल्या देशाचं असावं लागत नाही.

एक सुचवते. तिच्यासोबत तिसऱ्या पर्वाचा पाचवा भाग, 'द बीच', बघा. अझुला, झुको आणि तिच्या दोन मैत्रिणी असे चौघं जण रात्री शेकोटीभोवती बसतात आणि एकेक जण मनातलं बोलतो. अझुला सगळ्यात शेवटी बोलते: आई मला राक्षसीण समजायची, तिचं बरोबरच होतं, तरी लागलंच. तिथे थांबवा आणि मुलीला विचारा, तू त्या शेकोटीपाशी असतीस तर तिला काय म्हणाली असतीस? ती जे सांगेल ते तिची हरकत नसेल तर इथे कळवा. आणि प्रश्नमाला तिला पुन्हा सोडवायची असेल तर घाई नको, वार्षिक परीक्षा संपल्यावर सोडवू दे.