बंदरावर मासळी आणायला जाताना देशभक्ताने घ्यायची काळजी

कापडी पिशवी नेऊ नका. खांद्याला कापडी पिशवी अडकवून फिरणारे लोक कसले असतात, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. प्लॅस्टिकची न्या. तिच्यावर बंदी आहे, पण तिच्यापायी कुणाचा जामीन अडल्याचं ऐकिवात नाही.

आधार कार्ड मूळ न्या आणि झेरॉक्सही न्या. मूळ दाखवलंत की झेरॉक्स मागतात, झेरॉक्स दिलीत की मूळ कुठाय विचारतात. सव्वीस-अकरानंतर आमच्याकडच्या नाखवा-तांडेलांना, खलाशांना बायोमेट्रिक कार्डं आली, होड्यांना नंबर आले, रंग ठरले. आता किनाऱ्यावर ओळखपत्राशिवाय येतो तो फक्त बांगडा, आणि त्याचं गिऱ्हाईक.

दाढी करून जा.

वेळही नीट निवडा. लिलावाच्या वेळी गेलात तर गर्दीचा फायदा घेऊन फिरत होता, लिलाव आटपल्यावर गेलात तर लिलाव नसताना इथे काम काय होतं. सागर कवच नावाची किनारा-सुरक्षेची तालीम चालू असेल त्या दिवशी घरी सुकटीवर भागवा. त्या दिवशी आपल्याच यंत्रणेतले काहीजण अतिरेकी होऊन येतात आणि बाकीच्यांनी त्यांना पकडायचं असतं. ते नाही सापडले तर तुम्ही आहातच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोटो काढू नका. सुरमईचा काढायला हरकत नाही, घरी पाठवून "ही घेऊ का" विचारायलाही हरकत नाही, पण सुरमईच्या मागे जेट्टी दिसता कामा नये.

मी गेल्या महिन्यात काढला. सुरमईचा नाही, दिव्याच्या खांबाचा. आमच्या जेट्टीच्या टोकाला खांब आहे, खांबावर दिवा आहे आणि दिव्याखाली कॅमेरा आहे. दिवा दिवाळीपासून बंद. कॅमेऱ्याची वायर खाली लोंबते आणि तिला कुणीतरी फाटक्या जाळ्याचा तुकडा वाळत घातलाय. खालच्या पायऱ्या गेल्या पावसात ढासळल्या, आणि एक खलाशी अंधारात तिथेच पाय मोडून घेऊन बसला. अर्जाला जोडायला पुरावा हवा म्हणून मी मोबाइल वर केला, तोच मागून बंदोबस्तावरच्या माणसाचा आवाज आला.

"ओ काका, काय चाललंय?"

"खांबाचा फोटो काढतोय."

"कशाला?"

"दिवा बंद आहे म्हणून."

"दिवा बंद हाय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी वर बघितलं. त्यानेही वर बघितलं. दिवा बंदच होता. या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं ते कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.

मग मोबाइल घेतला. अनलॉक करा म्हणाला, केला. फोटोला मनाई आहे असा बोर्ड कुठे आहे, एवढंच विचारलं, तर म्हणे बोर्ड लागत नाही, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. साहेब येईपर्यंत मला बर्फाच्या पेटीवर बसवलं आणि माझ्यासमोर माझा मोबाइल वाचायला घेतला. नातवाच्या मुंजीचे फोटो बघून झाले. माझ्या गुडघ्याचा एक्स-रे बोटांनी मोठा करून बघून झाला. बहिणीने वहिनीबद्दल काय लिहिलंय ते वाचून त्याला हसू आलं, ते त्याने लपवलंही नाही. शेवटी गावच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेलं, प्रकल्पाविरुद्धच्या सभेचं पत्रक सापडलं आणि चेहरा एकदम गंभीर झाला. "आंदोलनवाले का तुम्ही?" मी म्हटलं, मी गणिताचा मास्तर होतो, रिटायर झालो. त्याने त्यावर असं बघितलं, की गणितवाले तर जास्तच धोकादायक.

साहेब आले. फोटो पुसायला लावला. पुसलेले फोटो मोबाइलमध्ये जिथे जाऊन पडतात तिथूनही पुसायला लावला. तेवढं तंत्रज्ञान पोचलेलं आहे, वायर जोडण्याचं तेवढं बाकी आहे. "पुन्हा असं दिसू नका." नाव सांगितलं नाही, पावती नाही, कुठे नोंद नाही. नोंद नाही म्हणजे हे झालेलंच नाही. मी दोन तास बर्फावर होतो आणि माझे बांगडे उन्हात होते, तेवढा एक पुरावा घरी पोचेपर्यंत वास मारत होता.

अहो, शत्रूला जेट्टी बघायची असेल तर तो माझ्या मोबाइलची वाट बघत बसलाय का? इंटरनेटवर आकाशातून घेतलेला अख्खा किनारा फुकट दिसतो, कुणाची होडी कुठे ओढलीय तेसुद्धा दिसतं. खांबावरचा दिवा बंद आहे हे गुपित राखायचं तरी कुणापासून? समुद्रातून येणाऱ्याला ते लांबूनच कळतं. ते कळू द्यायचं नाही ते ज्याच्या सहीने बिलं निघतात त्याच्या वरच्याला!

असो. सूचनांकडे वळू.

बंदरावर म्हाताऱ्या माणसांशी बोलू नका. त्यांना त्र्याण्णव आठवतं. जानेवारी-फेब्रुवारी १९९३ मध्ये रायगडात दिघीला आणि शेखाडीला हत्यारांचा-स्फोटकांचा चोरटा माल उतरला, ती गोष्ट ते तुम्हाला चहाच्या टपरीवर सांगायला लागतील. दिघीचा माल गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवलाही होता. अडवला, सौदा ठरला, आणि तेवढे पैसे जवळ नव्हते म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून ट्रक पुढे गेले. कस्टममधले काहीजणही वाटेकरी होते. १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली. तेव्हा टाडा, म्हणजे अतिरेक्यांविरुद्धचा खास कायदा, लागू होता बरं का. १९८५ पासून होता, ८७ मध्ये नव्याने आणलेला होता. कायद्यात कसलीही उणीव नव्हती. उणीव होती रोख रकमेची, तीही चांदीने भरून निघाली.

खरं ते सांगतो, ते पोलीस आणि ते अधिकारी पुढे टाडाखालीच दोषी ठरले. पण त्याच कायद्याखाली देशभरात सुमारे ७६ हजार लोक आत गेले, आणि गुन्हा शाबीत झालेले शंभरात दोनही निघाले नाहीत. आणला होता पंजाबातल्या अतिरेक्यांसाठी, लागला गुजरातेत हजारोंना. १९९५ मध्ये तो संपू दिला. मग तसाच पोटा आला, आणि पोटा असतानाच ऑगस्ट २००३ मध्ये गेटवेला आणि झवेरी बाजारात टॅक्सीतले बॉम्ब फुटले. २००४ मध्ये पोटा गेला आणि त्यातलं बरंचसं यूएपीएत, म्हणजे बेकायदेशीर कृत्यांविरुद्धच्या जुन्या कायद्यात, येऊन बसलं. सव्वीस-अकराला रबरी होडीतून उतरलेल्यांना कुलाब्याच्या कोळीवस्तीतल्या लोकांनी हटकलं होतं. कोण रे तुम्ही, हे विचारायला त्यांना कुठलं कलम लागलं नाही.

आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला एक होडी आपण होऊन किनाऱ्याला लागली. आत तीन एके-४७. ती एका ऑस्ट्रेलियन बाईची निघाली, मस्कतहून युरोपला जाताना बंद पडलेली, सोडून दिलेली, वाहत आलेली. घातपात नव्हता, आपलं नशीब. आली समुद्रातून आणि नाकाबंदी लागली रस्त्यावर.

घरातली इतिहासाची पुस्तकं माळ्यावर टाका. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यातल्या बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत कायदा न पाळण्याचा प्रचार करणंसुद्धा येतं. तेव्हा १९३० मध्ये शिरोड्याला मीठ उचलायला गेलेले आणि चिरनेरच्या जंगलात शिरलेले लोक नेमके कोण होते, हे नातवंडांना शिकवताना दार लावून घ्या. हा कायदा फक्त कडव्या डाव्या संघटनांसाठी आहे असं सांगितलंय. विश्वास ठेवा.

अणुप्रकल्प आणि रिफायनरीविरुद्ध आंदोलनं झाली त्या जैतापूर-बारसूकडे नातेवाईक असतील तर फोनवर आंब्याच्या मोहोरापुरतंच बोला.

अटक व्हायचीच असेल तर तब्येत ठणठणीत असताना व्हा. यूएपीएत आरोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून मिळते, आणि पोलिसांचे कागद वाचून आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर न्यायाधीशाला जामीन देता येत नाही. तुमचे कागद नंतर बघतात, खटला उभा राहील तेव्हा. आदिवासींमध्ये काम करणारे पाद्री स्टॅन स्वामी, त्यांना याच कायद्याखाली ऑक्टोबर २०२० मध्ये धरलं तेव्हा ते ८३ वर्षांचे होते, पार्किन्सनने हात थरथरायचे, पेला धरवत नव्हता. पाणी प्यायला स्ट्रॉ मागितली तर त्या अर्जावर उत्तर द्यायला तपास यंत्रणेने वीस दिवस मागून घेतले. जुलै २०२१ मध्ये ते मुंबईच्या इस्पितळात कैदी म्हणूनच वारले. खटला सुरूसुद्धा झाला नव्हता. ते दोषी होते की नव्हते हे आता कुठलंच कोर्ट सांगणार नाही. वीस दिवस, एका स्ट्रॉसाठी. त्यात कसली आलीय राष्ट्रीय सुरक्षा?

यावर आता गमतीत लिहिता येत नाही.

२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांतले बाराच्या बारा जण सोडले. त्यातल्या पाचजणांना खालच्या कोर्टाने फाशीची शिक्षा सुनावली होती, एकजण निकालाआधी तुरुंगातच मेला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलंय, तिथे काय व्हायचं ते होईल. दहाच दिवसांनी मालेगावच्या २००८ च्या स्फोटातले सातहीजण सुटले. एका निकालाला तुम्ही पेढे वाटलेत आणि दुसऱ्याला शिव्या घातल्यात, आणि कुठल्याला काय ते आडनावं बघून ठरवलंत. लोकलमध्ये १८० हून जास्त माणसं मेली, आपल्यातलीच, डोंबिवली-विरारला राहून गणपतीला गावी येणारी. तो बॉम्ब ठेवला कुणी, हे एकाने तरी विचारलंत का? एकोणीस वर्षं चुकीची माणसं आत असतील तर बरोबर माणूस एकोणीस वर्षं बाहेर आहे. एवढं साधं गणित तुम्हाला कळत नाही? की आपलं आडनाव त्या यादीत नाही एवढंच पुरतं?

"ज्याने काही केलं नाही त्याने घाबरायचं कशाला?" हे मला ऐकवू नका. मी बर्फाच्या पेटीवर बसलो होतो तेव्हा निम्मं गाव शेजारून मासळी घेऊन गेलं. ओळख दाखवली नाहीत. संध्याकाळी मात्र ओटीवर येऊन बसलात, मास्तर, कशाला नसत्या भानगडीत पडता म्हणून. काही केलं नसेल तर घाबरायचं नसतं ना? मग मान का वळवलीत?

मलाही सुरक्षा हवी आहे, तुमच्यापेक्षा जास्त. समुद्रातून कुणी आलंच तर पहिल्यांदा माझंच दार लागतं. म्हणून जेट्टीवर दिवा हवा, कॅमेरा चालू हवा, गस्तीच्या बोटीत डिझेल हवं आणि पैसे घेऊन ट्रक न सोडणारा हवालदार हवा. यातलं काय नवं कलम घालून मिळतं? मोबाइल मागितला तर कुठल्या अधिकारात ते विचारा, नाव विचारा, लिहून मागा. यूएपीएच्या अटकेतसुद्धा कारणं लेखी द्यावी लागतात, मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. हे विचारणाऱ्याच्या बाजूला उभं राहायला कायद्याची पदवी लागत नाही, दोन पाय लागतात.

अर्ज मी पुन्हा लिहिलाय, खाली सह्यांची जागा सोडलीय. फोटो पुन्हा काढायला रविवारी लिलावाच्या वेळी जाणार आहे. यायचं तर या. नाही आलात तर संध्याकाळी ओटीवर शहाणपण शिकवायला येऊ नका.