चिखलाला किती वेटेज?

"दहावीत आहे? अरेरे!"

हे मला गेल्या गुरुवारी संध्याकाळी ऐकवण्यात आलं. ज्यांनी ऐकवलं त्या गृहस्थांना मी त्याआधी जन्मात पाहिलं नव्हतं. मुलगी दहावीत आहे एवढाच माझा गुन्हा, पण "अरेरे"चा सूर असा, की दुखणं शेवटच्या स्टेजला गेल्यावर मी त्यांच्या दवाखान्यात आले आहे.

प्रसंग दरवर्षीचाच. न्यू जर्सीत थंडी ऐन भरात आली की हायस्कूलवाले पुढच्या वर्षाचे विषय निवडायला आईबापांना बोलावतात. कॅफेटेरियात टेबलं मांडतात, प्रत्येक टेबलामागे त्या त्या विषयाचे शिक्षक हसतमुखानं उभे राहतात, आणि आम्ही अंगातला कोट न काढता या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. यंदा आमच्या घरी अकरावीचे विषय ठरवायचे होते. इथं कॉलेजचे अर्ज बारावीच्या पहिल्या काही महिन्यांतच जातात. त्यामुळे अर्जात दिसणारं शेवटचं पूर्ण वर्ष म्हणजे अकरावी. हवेत तणाव असतो. पिझ्झाही असतो, पण गार.

मुलीनं फॉर्म घरीच भरून आणला होता. एपुश (हे एपी यूएस हिस्टरीचं लाडाचं नाव), एपी लँग (म्हणजे इंग्रजी), प्री-कॅल्क्युलस ऑनर्स, फिजिक्स ऑनर्स, स्पॅनिश ऑनर्स, जिम. आणि शेवटच्या रकान्यात सिरॅमिक्स. म्हणजे माती कालवणे, ती चाकावर चढवणे आणि तिचं भांडं करणे.

भारतात राहणाऱ्यांसाठी सांगते, एपी म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय. (ऑनर्स म्हणजे साधा आणि एपी यांच्या मधला.) असे एपी 40 च्या आसपास आहेत. परीक्षा मेमध्ये, गुण 1 ते 5, फी एका विषयाला शंभरेक डॉलर, आणि ती बहुतेक ठिकाणी आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच भरायची. मुलाला तो विषय झेपतोय की नाही हे कळायच्या आत पैसे गेलेले असतात.

तर मी मुलीला म्हणाले, "चल, आता तुझ्या चिखलाच्या टेबलाकडे." तेवढ्यात मागून आवाज आला.

"मराठी का?"

वळून पाहिलं. पन्नाशीच्या आतले गृहस्थ, नाकावर चष्मा, हातात टॅब्लेट, काखेत प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला भला मोठा कागद. मी हो म्हणाले. मूळ गाव विचारून झालं, इथलं टाउन विचारून झालं, "मंडळात कधी दिसला नाहीत" हेही झालं. मग "मुलगी कितवीत?" आणि मग ते अरेरे.

"का हो? अरेरे का?"

"नाही, म्हणजे होईल काहीतरी. ताई, तुम्ही टेन्शन घेऊ नका." हे वाक्य ज्याला ऐकवतात त्याला टेन्शन येतंच. "पण मॅथचा ट्रॅक सहावीत ठरतो. ही अकरावीत प्री-कॅल्क घेतेय म्हणजे बारावीत कॅल्क्युलस. एपीतला एबी की त्याहून मोठा बीसी?"

"ते पुढच्या वर्षी पाहू."

ते गप्प झाले. पुढच्या वर्षी पाहू असं म्हणणारी बाई त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटली होती.

मी विचारलं, "तुमचं मूल कितवीत?"

"सहावीत."

"मग इथं?"

"पाहणी," ते म्हणाले. "दारावर कोणी विचारत नाही."

यानंतर त्यांनी तो कागद उलगडला. कॅफेटेरियाच्या टेबलावर मावेना, तेव्हा एक बाजू माझ्या मुलीला धरायला दिली. एक्सेल शीट छापून घेतलेली. आडवे रकाने सहावी ते बारावी, उभे विषय, आणि प्रत्येक चौकोनाला रंग. हिरवा म्हणजे पक्कं, पिवळा म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकायचं, लाल म्हणजे शाळेशी भांडून मिळवायचं. त्या क्षणापासून मी मनात त्यांचं नाव एक्सेलराव ठेवलं. जॉमेट्री पिवळी. जिमच्या ओळीत लिहिलं होतं "ऑप्शन टू", म्हणजे शाळेबाहेर कुठंतरी खेळून ती क्रेडिटं मिळवायची आणि शाळेतला तास मोकळा करायचा. न्यू जर्सीत जिम दरवर्षी सक्तीचं आहे, पण सक्तीतूनही वाट काढणाऱ्याला आपल्यात मान असतोच. लंचलाही एक ओळ होती आणि ती आठवीनंतर कोरी होती.

"लंच?"

"हायस्कूलमध्ये लंचच्या तासाला आठवा विषय बसतो. डबा काय, बसमध्येही खाता येतो."

त्याखाली एक ओळ होती, "हेरिटेज". त्यात मराठी. एक्सेलराव मुलीकडे वळले. "बेटा, मराठी लिहिता-वाचता येतं? त्याची पण टेस्ट असते. डिप्लोम्यावर सील ऑफ बायलिटरसी मिळतं, दोन भाषा लिहिता-वाचता येतात असा शिक्का." मराठी भाषेला कुणी रकाना दिलेला मी अमेरिकेत पहिल्यांदा पाहत होते, त्यामुळे क्षणभर भरून आलं. रविवारची मराठी शाळा बुडवायला मुलीनं आजवर काढलेली पोटदुखी आठवली आणि ते ओसरलं.

सगळ्यात तळाला "आवड" अशी एक ओळ होती. ती सहावीपासून बारावीपर्यंत सलग कोरी.

"हे राहिलंय," ते जरा ओशाळून म्हणाले. "आवड अजून ठरायची आहे. आठवीच्या समरपर्यंत फायनल करू. ती जरा युनिक हवी, रोबोटिक्स आता सगळेच करतात."

मुलीनं कागदाची बाजू सोडून दिली. तो गुंडाळला गेला.

खरं तर मी तिथून निघायला हवं होतं. पण त्यांची नजर आमच्या फॉर्मवर गेली आणि बोट थेट शेवटच्या रकान्यावर टेकलं. "हे सिरॅमिक्स अनवेटेड आहे." म्हणजे सरासरी काढताना त्याला जादा पॉइंट नाही.

मग त्यांनी टॅब्लेटवर जे केलं ते मला अजून पचलेलं नाही. आमच्या शाळेत साध्या विषयातला ए म्हणजे 4, ऑनर्सचा 4.5 आणि एपीचा 5. जिम धरत नाहीत. मुलीला सगळ्यात ए मिळाला असं समजू. दोन एपी, तीन ऑनर्स, सरासरी 4.7. आता त्यात सिरॅमिक्सचा ए घाला. सरासरी 4.58. आणि सिरॅमिक्सऐवजी नुसता स्टडी हॉल घेतला, म्हणजे तो तास लायब्ररीत खिडकीबाहेर बघत काढला, तर परत 4.7.

म्हणजे एक तास काही न करता बसलेली मुलगी हुशार, आणि तोच तास काहीतरी शिकून त्यात ए मिळवणारी मुलगी तिच्याहून 0.12 नं ढ. मी हिशोब पुन्हा करून पाहिला. बरोबर होता.

मी म्हटलं, "पण कॉलेजं ही सरासरी, म्हणजे जीपीए, आपापल्या पद्धतीनं नव्यानं मोजतात म्हणे."

"मोजतात ना. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं, म्हणजे यूसी, नववी धरतच नाहीत, दहावी-अकरावीच धरतात, आणि जादा पॉइंट आठ सेमिस्टरपर्यंतच देतात. ते निदान सांगतात तरी. बाकीचे कसे मोजतात, सांगतात का कुणी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक्सेलरावांची गोची हीच आहे. माणूस हास्यास्पद, पण माहिती चूक नाही.

इथं मला माझी अकरावी आठवली. पुण्यात सायन्सला असताना बायफोकल नावाचा एक प्रकार होता. दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडायचा आणि 200 मार्कांचा एक व्यवसाय विषय घ्यायचा. राज्याच्या यादीत इलेक्ट्रॉनिक्सपासून स्कूटर-मोटरसायकल सर्व्हिसिंगपर्यंत काहीही होतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या जागा भरल्या आणि मला मिळालं गोड्या पाण्यातलं मत्स्यसंवर्धन. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. रोहू, कटला आणि मृगळ यांच्या पचनसंस्थेचे रेखाटन करून नावे द्या, हे मी देवघराशेजारच्या खोलीत बसून करायची. आजीनं ती वही गॅलरीत ठेवायला लावली होती. "पण स्कोअरिंग आहे," असं बाबांनी तिला समजावल्यावर मात्र ती गप्प झाली. संस्कृतही आमच्याकडे याच कारणासाठी घेत. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे तर आता महाराष्ट्रात दहावीला वाढीव गुणही मिळतात. तेव्हा एक्सेलरावांना हसण्याचा नैतिक अधिकार मला कितपत आहे, असं कुणी म्हणेल. मी म्हणते, पूर्ण आहे. आमच्या वेळी लबाडी निदान उघड होती. मला मासे मनापासून आवडतात, लहानपणापासून तलावाकाठी बसून मी त्यांचा विचार करते, असा निबंध माझ्याकडून कुणी लिहून घेतला नव्हता.

इथं तो लिहावा लागतो. त्याच संध्याकाळी ऑडिटोरियममध्ये कौन्सेलर मॅडमनी पहिली स्लाइड दाखवली ती "मुलांना त्यांच्या आवडीचं निवडू द्या" अशी. खाली सूर्यास्त. दुसऱ्या स्लाइडवर कॉमन ॲपमधला (अनेक कॉलेजांना चालणारा सामाईक अर्ज) शाळेनं भरायचा फॉर्म. त्यात कौन्सेलरला टिक करायची असते, की तुमच्याच शाळेतल्या इतर मुलांच्या मानानं या मुलाचे विषय किती कठीण होते. पाच पायऱ्या आहेत, सगळ्यात वरची "मोस्ट डिमांडिंग". ज्या कॉलेजांत शंभरातल्या चौघांनाही प्रवेश मिळत नाही, तिथं दुसऱ्या पायरीवरची टिक घेऊन जायला कुणाचा जीव धजावेल?

कॉलेजवाले वर समजूत काढतात, की आम्ही मुलाला त्याच्या शाळेत जे उपलब्ध आहे त्याच्याच तुलनेत पाहतो. हे न्याय्य आहे, मान्य. देशात कितीतरी हायस्कुलांत कॅल्क्युलस शिकवतच नाहीत. म्हणून तर 2023 मध्ये कॅलटेकनंही (कॅलिफोर्नियातली नावाजलेली विज्ञान-तंत्रज्ञान संस्था) ज्यांच्या शाळेत कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट काढली. पण आमच्यासारख्या टाउनमध्ये याचा अर्थ काय होतो? शाळेत दोन डझन एपी, आणि शेजारच्या घरातला मुलगा लंच सोडून आठवा विषय घेतोय. मग माझ्या मुलीनं काय केलं याला किंमत शून्य, शेजारच्यानं काय केलं यावर तिची पायरी ठरणार. आणि एवढं करून एपीत 5 आणले, तरी कॅलटेक त्याचं कॉलेज क्रेडिट देत नाही. घेतले नाहीत तर का नाही घेतले, आणि घेतले तर ठीक आहे, ठेवा बाजूला.

हे सगळं मला कौन्सेलर मॅडमना विचारायचं होतं. एका कौन्सेलरमागे 250 मुलं असावीत अशी त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे, प्रत्यक्षात सरासरी त्याहून बरीच जास्त आहे. मॅडमसमोरची रांग पाहिली. प्रत्येक पालकाच्या वाट्याला साधारण एक हस्तांदोलन येत होतं. मी माझं घेतलं आणि परतले.

परतले तर एक्सेलराव सिरॅमिक्सच्या टेबलापाशी. शिक्षिकेशी बोलून झालं होतं आणि चेहरा उजळला होता.

"ताई, मी माझे शब्द मागे घेतो! चिखलात एपी आहे!"

"काय आहे?"

"एपी थ्री-डी आर्ट अँड डिझाइन. पेपरच नाही, पोर्टफोलिओ द्यायचा. मातीची भांडी चालतात! सिरॅमिक्स वन, मग टू, मग एपी. वेटेड! आणि कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करणाऱ्या किती देसी मुलांकडे भट्टीत भाजलेला पोर्टफोलिओ असेल, तुम्हीच सांगा. बेटा, तू तर जीनियस आहेस. हे तुला कुणी सुचवलं?"

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. हा विषय तिला कुणीही सुचवलेला नव्हता. नववीत आर्टच्या सक्तीच्या पाच क्रेडिटांतली काही भरायला तिनं तो अर्धं वर्ष घेतला होता. हात कोपरापर्यंत बरबटलेले असल्यामुळे त्या तासात फोनला हात लावता येत नाही आणि मागच्या टेस्टमध्ये तुला किती पडले असं कुणी विचारत नाही, एवढ्यासाठी तिला तो पुन्हा हवा होता. तिनं केलेला एक वाकडा मग आमच्याकडे आहे. त्यात चहा राहत नाही, पेनं राहतात.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आई, मला नकोय आता सिरॅमिक्स."

"अगं, का?"

"ते अंकल आता त्याला हिरवा रंग देणार."

मी रागावले. तिच्यावर नाही, पण ओरडले तिच्यावरच, कारण गाडीत तीच होती. घरी आल्यावर नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि अत्यंत शांतपणे "पण 4.58 म्हणजे नक्की किती फरक पडतो?" असं विचारलं. त्या रात्री आमच्याकडे जेवण लवकर आटोपलं. सिरॅमिक्स फॉर्मवर राहिलं आहे, वर मुलीनं पेन्सिलनं लिहिलंय, "एपीसाठी नाही." फॉर्म ऑनलाइनही भरायचा असतो आणि तिथं अशी टीप लिहायला जागा नाही.

एक्सेलरावांना माझा फोन नंबर कुणी दिला ते मला अजून कळलेलं नाही, माझा संशय मंडळाच्या ग्रुपवर आहे. काल सकाळी त्यांचा मेसेज आला. सुधारलेली शीट, तळाची ओळ सहावीपासून बारावीपर्यंत हिरवीगार. खाली लिहिलं होतं, "नमस्कार ताई. शनिवारपासून चिरंजीवांचा मातीचा क्लास सुरू. घरगुती भट्टीला 240 व्होल्टचं कनेक्शन लागतं असं समजलं. तुमच्याकडे कोणता इलेक्ट्रिशियन आहे?"

मी उत्तर दिलेलं नाही. पण ब्लू टिक गेलीये, आणि आज दुपारी त्यांनी नुसतंच प्रश्नचिन्ह पाठवलंय.