घोळ खा, पण आधी देठ मोडून बघा

पावसाळा आला की रानभाज्यांचे फोटो सुरू होतात आणि खाली हमखास प्रश्न: "ही घोळच ना? खाऊ का?" लगेच कुणीतरी "हो, बिनधास्त" म्हणून मोकळं होतं. माझा आक्षेप या बिनधास्तवर आहे. फोटोवरून घोळ ठरवू नये. तिच्याच शेजारी, तशीच जमिनीलगत पसरलेली, लालसर देठाची दुधी उगवते (भोपळा नव्हे, ते तण).

हातात घेतलं की फरक कळतो. घोळीचं पान जाड, गुळगुळीत, रसरशीत. देठ गुबगुबीत, मोडला की नुसतं पाणी. दुधीचा देठ बारीक, पान पातळ, मोडताच पांढरा चीक. चीक दिसला की फेकून द्या आणि तो हात डोळ्याला लावू नका. पण चीक नाही म्हणजे खाण्याजोगी, असा उलटा अर्थही काढू नका. ही खूण या दोघींपुरतीच. फुलं असली तर बरंच: छोटी, पिवळी, उन्हं चढल्यावर उघडणारी. नंतर बोंडाचं टोपण निघून बारीक काळं बी सांडतं.

ओळख पटली तरी ती उगवली कुठे, हे बघायला हवंच. गटाराकाठची, हमरस्त्यालगतची, तणनाशक मारलेल्या रानातली घोळ मला कुणी फुकट दिली तरी नको. खुरपणाऱ्या बायांना विचारा. त्या रानात काय मारलंय ते त्यांना ठाऊक असतं.

आणि ते "रानातलं आहे, काही होत नाही" बंद करा. धोतराही रानातलाच. घोळीत ऑक्झलेट (मुतखड्याला हातभार लावणारं द्रव्य) भरपूर, त्यामुळे मुतखडा किंवा किडनीचं दुखणं असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी. ओमेगा-३ मिळतं म्हणून रोज कच्चा ज्यूस पिणाऱ्यांना तर हात जोडून नमस्कार. उकळून पाणी फेकलं की ऑक्झलेट कमी होतं, आणि दह्याताकातलं कॅल्शियम उरलेल्यातलं बरंच बांधून ठेवतं. ताक-बेसन लावून केलेली पातळ भाजी मला म्हणूनच पटते. वरून लसणाची फोडणी, सोबत भाकरी.

पाण्याचा ताण पडला की घोळ रात्री मॅलिक आम्ल साठवते आणि दिवसा ते खर्च करते. अशा वेळी सकाळी खुडलेली जास्त आंबट लागते. ताकात घालायची तर दुपारनंतर खुडा. पाला जमिनीला टेकलेला असतो, तेव्हा माती जाईपर्यंत तीन-चार पाण्यांनी धुवा.

विदर्भातली चिवळ हिच्याच कुळातली, पानं बारीक. तिची कृती तिकडच्या कुणीतरी खाली नीट लिहा, डाळीच्या प्रमाणासकट.